अंडरक्विल्ट हॅमॉकच्या बाहेरून बांधायची, आत अंथरायची नाही

थंडी सुरू झाली की दर सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या पहिला फोन हाच असतो, "तुमची स्लीपिंग बॅग फालतू निघाली, रात्रभर पाठ गार पडली." बॅग परत आली की आम्ही ती उघडतो, झटकतो, चेन आणि शिलाई बघतो, आणि बॅग एकदम ठणठणीत असते. मग विचारलं की अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकच्या (झोपायच्या झुल्याच्या) खाली लावायची भराव घातलेली दुलई, कुठे लावली होती, तर उत्तर येतं, "आत अंथरली ना खाली, गादीसारखी." बस, इथेच घोळ आहे. म्हणून हा कागद आता भाड्याने नेलेल्या प्रत्येक हॅमॉक किटबरोबर देतोय, निघायच्या आधी वाचा, तिकडे अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर कोणी वाचत नाही हे आम्हाला माहितेय.

ऊब कापडात नसते, आतल्या फुललेल्या भरावात जी हवा अडकून राहते तिच्यात असते. घरची कापसाची गादी बसून घट्ट झाली की आपण पिंजून घेतो ना, तसंच हे. तुम्ही भरावाच्या वर झोपलात की तुमच्या वजनाखाली तो चपटा होतो, हवा निघून जाते आणि उरतं फक्त पातळ कापड. टेंटमध्ये हे एवढं जाणवत नाही कारण तिथे खाली कॅरीमॅट असते आणि जमिनीखालून वारा येत नाही, हॅमॉक मात्र खालूनही उघडा. त्यामुळे एकात एक दोन बॅगा घातल्या तरी वरून घाम येईल आणि पाठ गारच राहील. बॅगेवर जे टेम्परेचर छापलेलं असतं, म्हणजे आयएसओ २३५३७ या मानकाचं, ते सुद्धा बॅगेत चाचणीचा गरम केलेला पुतळा झोपवून, त्याच्याखाली मॅट ठेवून मोजतात. मॅट काढली की तो आकडा तुमच्यासाठी नाही.

आता बांधायचं कसं. अंडरक्विल्टच्या दोन्ही टोकांना इलॅस्टिकची दोरी आणि हूक आहे, तो हॅमॉकच्या दोन्ही बाजूंच्या लूपमध्ये अडकवा, म्हणजे क्विल्ट खालून लटकेल आणि तिच्यावर वजन येणार नाही. मग आत झोपा. हे झोपूनच बघायचं, कारण रिकामा हॅमॉक वर असतो, तुम्ही आत आलात की खाली दबतो आणि सगळं माप बदलतं. मित्राला सांगा बाहेरून क्विल्ट आणि हॅमॉकच्या मधे हात घालायला: हात मोकळा फिरला तर सैल आहे, त्या फटीतून रात्रभर वारा खेळणार, आणि हात जातच नसेल तर एवढी ताणलीय की भराव परत दाबला गेला. नुसती टेकलेली पाहिजे. टोकाच्या नाड्या ओढून दोन्ही तोंडं बंद करा, हे ९०% लोक विसरतात असं आम्हाला वाटतं, मोजलेलं नाही. आमची क्विल्ट खांद्यापासून गुडघ्याच्या जरा खालीपर्यंत येते, पायांखाली मॅटचा तुकडा किंवा रिकामी सॅक घाला. आणि सरळ केळ्यासारखं झोपू नका, थोडं तिरकं झोपा, पाठही सपाट राहते आणि खांदे कापडाला दाबले जात नाहीत.

काही जण म्हणतात डिसेंबर ते फेब्रुवारी तुम्ही नुसता हॅमॉक देतच नाही, क्विल्टचं भाडं उगाच लावता. खरंय, देत नाही, पण तुमची स्वतःची फोमची मॅट असेल तर ती दाखवा, आम्ही खुशाल नुसता हॅमॉक देऊ. मॅट चालते, स्वस्त पडते, फक्त रात्री सरकते आणि खांद्याच्या बाजू उघड्या राहतात. त्यासाठी आमचा डबल लेयरचा हॅमॉक घ्या, मॅट दोन थरांच्या मधे घातली की जागची हलत नाही, भाडं थोडंच जास्त आहे.

जागेबद्दल एकच. उंचावर जास्त थंडी असणार असं धरून चालू नका. निफाड काही डोंगरावर नाही, तरी दर हिवाळ्यात पेपरात त्याचं नाव येतं, आणि कित्येकदा महाबळेश्वरपेक्षा पुणं गार असतं. आभाळ निरभ्र असलं की रात्री गार हवा जड होऊन खोलगट जागेत साचते. भंडारदरा, पवना अशा ठिकाणी फोटोसाठी अगदी पाण्याच्या काठावर बांधू नका, जरा वर चढावर झाडं शोधा, दव पण कमी पडेल. वाऱ्याच्या बाजूचं टार्प (हॅमॉकवर छतासारखं बांधायचं कापड) खाली ओढून घ्या.

बाकी तुम्हाला माहीतच आहे, घामाचा टीशर्ट बदलायचा, कोरडे मोजे वेगळे ठेवायचे, जेवून झोपायचं. गरम पाण्याची बाटली बॅगेत घ्यायची तर साधी स्टीलची घ्या, झाकण तपासा आणि मोज्यात घाला. थर्मास घेऊन काही होत नाही, त्याचं कामच उष्णता बाहेर न सोडणं आहे. तोंड बॅगेच्या आत घेऊन झोपू नका, श्वासाने भराव ओला होतो. कोळशाची शेगडी हॅमॉकखाली ठेवू का असं विचारणारे दरवर्षी निघतात. नाही ठेवायची, कितीही थंडी असली तरी. एक ठिणगी नायलॉनला पुरते, आणि टार्प खाली ओढलेलं असेल तर कोळशाचा गॅस आत कोंडून जीवावर बेततं.

आधी कधी बांधली नसेल तर घ्यायला येताना दहा मिनिटं जास्त काढा, दुकानात मागे हूक लावलेत, एकदा बांधून झोपून बघा, त्याचं काही भाडं नाही. थर्टीफर्स्टच्या आठवड्यात मात्र एवढा वेळ देता येणार नाही, तेव्हा आधी येऊन जा.

परत देताना क्विल्ट दवाने ओली असेल तर पिशवीत कोंबून दोन दिवस डिकीत ठेवू नका, वास लागतो. घरी वाळवायला जमत नसेल तर ओलीच मोकळी आणून द्या आणि काउंटरवर तसं सांगा, आम्ही वाळवतो, डिपॉझिटमधून त्याचे पैसे कापत नाही.