वाढीव क्षमतेचा क्लच

वाढीव क्षमतेचा क्लच : स्पोर्ट्स कारच्या इंजिनाची ताकद कारखान्याच्या मापापलीकडे नेल्यावर मूळ क्लचच्या जागी बसवला जाणारा, जास्त टॉर्क (पिळण्याचा जोर) पेलणारा क्लच. इंजिनात जास्त हवा कोंबणारे सुपरचार्जर वा टर्बो बसवले किंवा नुसते इंजिन ट्यूनिंग केले तरी त्याची गरज पडू शकते. मूळ क्लच अपुरा पडू लागल्याची खूण वरच्या गिअरमध्ये दिसते. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, मध्यम आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांवर) ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की हे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा टुणकन वर जातो, स्पीडोमीटरचा काटा मात्र आपल्या चालीनेच सरकतो. थोड्या वेळाने जळका वास येतो. गॅरेजमध्ये याला ‘क्लच स्लिप मारतोय’ म्हणतात. पहिल्या गिअरमध्ये हे सहसा कळत नाही, कारण तिथे क्लच घसरण्याआधी टायरच जागेवर फिरतात. म्हणूनच जास्त पकडीचे टायर घातल्यावर, इंजिनाला हात न लावताही, क्लच अचानक कमजोर वाटू लागतो.

निवडताना सर्रास होणारी चूक म्हणजे अश्वशक्तीच्या आकड्यावर विसंबणे. क्लच पेलतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर. अश्वशक्तीत या जोराबरोबर फेऱ्यांचा वेगही मिसळलेला असतो. पोर्शे कॅरेरा जीटी आणि २००९ ची शेव्हर्ले कॉर्व्हेट झेडआर१ या दोन गाड्या शेजारी ठेवल्या की फरक कळतो. पहिलीची ताकद ८,००० आरपीएमला सुमारे ६०५ अश्वशक्ती, दुसरीची ६,५०० आरपीएमला ६३८. म्हणजे जवळपास सारखीच. टॉर्क मात्र अनुक्रमे ५९० आणि ८१९ न्यूटन-मीटर. कॅरेरा जीटीला सिरॅमिक संमिश्राच्या दोन तबकड्यांचा, जेमतेम १६९ मिलिमीटर व्यासाचा क्लच पुरला. झेडआर१ ला २६० मिलिमीटरच्या दोन तबकड्या लागल्या. पोर्शेच्या त्या चिमुकल्या क्लचने गाडीचे वजन आणि उंची वाचवली खरी, पण चालकाला नव्याने शिकायला लावले. ॲक्सिलरेटरला पाय न लावता पेडल हळूच सोडायचे, आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिन मंद चालू ठेवणे, गाडी स्वतः सांभाळते. जुन्या सवयीने थोडी रेस दिली की गाडी हिसका खाऊन बंद पडते.

क्लचच्या क्षमतेचे गणित सोपे आहे. घर्षणांक (पृष्ठांची पकड सांगणारा आकडा), प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेटला इंजिनाच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे जड चाकावर, दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब, घर्षणपट्टीची सरासरी त्रिज्या आणि घर्षण पृष्ठांची संख्या यांचा गुणाकार म्हणजे क्लच पेलू शकेल तो टॉर्क. एका क्लच प्लेटला, म्हणजे तबकडीला, दोन पृष्ठे असतात. समजा घर्षणांक ०.३, दाब १०,००० न्यूटन आणि सरासरी त्रिज्या ०.११५ मीटर, तर क्षमता भरते ६९० न्यूटन-मीटर. ६३७ न्यूटन-मीटर देणाऱ्या सी६ पिढीच्या कॉर्व्हेट झेड०६ ला असा क्लच जेमतेम पुरेल. सुपरचार्जर लावताच तो हात टेकेल. यापुढची वाट या चार आकड्यांपैकी कुठला वाढवायचा यावर ठरते, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे.

दाब वाढवणे सगळ्यांत सोपे. तो ३० टक्क्यांनी वाढवला की क्षमताही तेवढीच वाढते. पण शहराच्या गर्दीत डावा गुडघा तक्रार करतो, हायड्रॉलिक सीलवर ताण येतो आणि पेडल दाबलेले असताना क्लच सोडवायला लागणारा वाढलेला जोर क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. व्यास वाढवायला बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या कवचात) जागा लागते. शिवाय मोठी तबकडी जड असल्याने गिअर बदलताना गिअरांचा वेग जुळवणाऱ्या सिंक्रोनायझरला ती आवरावी लागते.

घर्षणांक वाढवायचा तर पट्टीचा पदार्थ बदलावा लागतो. रेझिनने बांधलेली नेहमीची ऑर्गॅनिक पट्टी हळुवार पकडते, ‘हाफ क्लच’ सहन करते, पण फार तापली की तिची पकड विरते. केव्हलारची पट्टी टिकाऊ आणि मऊ, पण एकदा अति तापून गुळगुळीत झाली की पुन्हा पूर्वीसारखी पकड देत नाही. तांबे किंवा लोखंडाच्या भुकटीत सिरॅमिक मिसळून भाजलेल्या वड्या, ज्यांना ‘पक’ म्हणतात, उष्णतेला डरत नाहीत. त्यांचा दोष गाडी हलवताना दिसतो : पकड एकदम बसते आणि गाडी थरथरते. रोज ऑफिसला नेण्याच्या गाडीत सहा पकांची प्लेट बसवणे म्हणजे हौसेने ओढवून घेतलेला त्रास. मधल्या स्प्रिंगा नसलेली घट्ट हबची प्लेट तर रेसट्रॅकलाच शोभते, कारण इंजिनाचे धक्के ती थेट गिअरबॉक्सवर सोडते.

उरला पृष्ठांच्या संख्येचा मार्ग. दोन तबकड्या म्हणजे चार पृष्ठे; वरच्या उदाहरणात तेवढ्याच दाबाने क्षमता १,३८० न्यूटन-मीटर होते. गरज एवढी नसेल तर व्यास किंवा दाब कमी करून पेडल हलके ठेवता येते. रस्त्यावरच्या ताकदवान गाडीसाठी बहुधा हाच पर्याय शहाणपणाचा, म्हणून अनेक ताकदवान गाड्यांत तो कारखान्यातूनच येतो. तो महाग पडतो आणि काही रचनांत पेडल दाबल्यावर दोन तबकड्यांमधली प्लेट खडखडते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काहीतरी सुटल्यासारखे वाटते.

विक्रेते वापरत असलेल्या ‘स्टेज १’, ‘स्टेज २’, ‘स्टेज ३’ या पायऱ्यांना कुठलेही सामाईक प्रमाण नाही. एकाचा ‘२’ दुसऱ्याच्या ‘३’ पेक्षा भक्कम असू शकतो. विचारायचे ते न्यूटन-मीटर, आणि तेही इंजिनाजवळचे की डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) चाकांजवळ मोजलेले, हे स्पष्ट करून. चाकांपर्यंत पोचताना टॉर्कचा काही हिस्सा गळतो. ड्रॅग रेसिंगसाठी फ्लायव्हील आणि क्लचवर एसएफआय या सुरक्षा-मानक संस्थेच्या १.१ किंवा १.२ प्रमाणाची मोहोर पाहतात. ती क्षमतेसाठी नसते. जास्त आरपीएमवर फुटलेल्या फ्लायव्हीलचे तुकडे चालकाच्या पायांशी येऊ नयेत यासाठी असते.

मजुरीचाही हिशेब आधीच मांडावा. १९९७ पासूनच्या सी५ आणि नंतरच्या सी६ कॉर्व्हेटमध्ये गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलपाशी असतो. क्लचपर्यंत पोचायला मागची क्रेडल (सस्पेन्शन पेलणारी चौकट) आणि इंजिन व गिअरबॉक्स जोडणारी टॉर्क ट्यूब उतरवावी लागते. पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंगही बेल हाउसिंगच्या आतच, टॉर्क ट्यूबमधून येणाऱ्या शाफ्टभोवती बसलेले. त्यामुळे नुसती प्लेट बदलून जुने बेअरिंग तसेच ठेवणारा माणूस पुढच्या वर्षी तेच काम दुसऱ्यांदा करतो. फ्लायव्हील हलके केले तर इंजिन चटकन फिरते, पण आयडलवर गिअरबॉक्सची खरखर वाढते आणि सिग्नलवरून निघताना इंजिन लवकर बंद पडते.

नवा क्लच बसल्यावर अनेक उत्पादक ऑर्गॅनिक प्लेटसाठी सुमारे ८०० किलोमीटर सौम्य चालवण्याचे बंधन घालतात. हायवेवर एका दमात हे अंतर कापून उपयोग नाही, कारण तिथे क्लच क्वचितच सुटतो आणि धरतो. पट्टीची आणि फ्लायव्हीलची पृष्ठे एकमेकांवर बसतात ती गावातल्या रहदारीत, शेकडो वेळा गिअर बदलताना.