सोन्याच्या पाण्याची एचडीएमआय केबल आणि चित्र भारी, हे खरं नाही भावांनो

परवा कोल्हापुरात राजारामपुरीत एका दुकानात टीव्हीसोबत दीड हजाराची एचडीएमआय केबल (सेट-टॉप बॉक्स, लॅपटॉप टीव्हीला जोडायची वायर) गळ्यात मारत होते, म्हणे सोन्याचा मुलामा आहे, कलर एकदम नाद खुळा येतात. ही थाप लई वर्षं फिरतीय.

कॉम्प्युटर मॉनिटरला जोडायच्या जुन्या व्हीजीए केबलमधून ॲनालॉग, म्हणजे सलग कमीजास्त होणारा सिग्नल जायचा, तिथं केबल हलकी असली की चित्र खरंच धूसर व्हायचं, सावल्या दिसायच्या, त्यामुळं तेव्हा हे बोलणं बरोबर होतं. एचडीएमआय 2002 ला आलं ते डिजिटल, त्यात जातात फक्त शून्य आणि एक, ते नीट पोचले की चित्र जसंच्या तसं, मग केबल दोनशेची असो नाहीतर दोन हजाराची. केबल कमी पडली तर रंग फिके पडत नाहीत, पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात नाहीतर मधेच स्क्रीन काळी होते.

सोनं गंजत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

बघायचं ते स्पीड, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो (जीबीपीएस) ते. फोर-के (लई बारीक, स्पष्ट चित्र) 60 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं दाखवायला, 18 जीबीपीएसची केबल लागते, फोर-के 120 ला 48 ची, बॉक्सवर 'अल्ट्रा हाय स्पीड' लिहिलेली. लांबी पाच मीटरच्या पुढं गेली तर मात्र चांगली केबल घ्या, तिथं कंजूषी नको. मी दीड मीटरची साधीच लावलीय, मस्त चालतीय.