शिया बटर : आकारमानावरून वजन काढणे

कप, चमचे किंवा मिलिलिटरमध्ये दिलेले शिया बटरचे माप ग्रॅममध्ये बदलण्याची पद्धत. साबण, मलम, लिपबाम व क्रीम करताना तिची गरज पडते. शिया बटर ही आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडील गवताळ पट्ट्यात वाढणाऱ्या शियाच्या झाडाच्या बियांपासून काढलेली चरबी आहे. साध्या तापमानाला ती घट्ट लोण्यासारखी असते आणि साधारण 32 ते 45 अंश सेल्सिअसच्या दरम्यान हळूहळू वितळते.

घट्ट शिया बटरची घनता सुमारे 0.92 ग्रॅम प्रति मिलिलिटर असते. वितळल्यावर ती 0.90 च्या आसपास येते. व्यवहारात 0.91 हा मधला आकडा पुरतो.

वजन (ग्रॅम) = आकारमान (मिलिलिटर) × 0.91

या हिशेबाने 5 मिलिलिटरच्या चमच्यात साडेचार ग्रॅम, 15 मिलिलिटरच्या मोठ्या चमच्यात साडेतेरा ग्रॅमच्या किंचित वर, 250 मिलिलिटरच्या मेट्रिक कपात सुमारे 228 ग्रॅम आणि 236.6 मिलिलिटरच्या अमेरिकी कपात सुमारे 215 ग्रॅम शिया बटर मावते. ऑस्ट्रेलियातील मोठा चमचा 20 मिलिलिटरचा असतो, म्हणून कृती कुठली आहे ते आधी पाहावे. औंसाचा घोळ याहून मोठा. अमेरिकी द्रव औंस म्हणजे 29.57 मिलिलिटर आणि तेवढ्या शिया बटरचे वजन सुमारे 27 ग्रॅम. वजनाचा औंस मात्र 28.35 ग्रॅमचा. कृतीत नुसते ‘8 औंस’ लिहिले असेल, तर 215 ग्रॅम घ्यायचे की 227, हे बाकीच्या घटकांची मापे पाहूनच ठरवावे लागते.

खरी चूक मात्र घनतेच्या आकड्यात फारशी होत नाही, ती कप भरताना होते. घट्ट शिया बटरचे तुकडे कपात टाकले की मध्ये पोकळ्या राहतात. वरून कप शिगोशीग दिसतो आणि आत बरीच हवा असते. चमच्याने दाबत, कडेच्या फटी बुजवत भरले आणि सुरीच्या सरळ पाठीने वरचा थर सपाट केला, तर आकडा जवळपास जमतो. फेटलेल्या शिया बटरला 0.91 चा गुणक अजिबात लावू नये. त्यात किती हवा शिरली हे दर वेळी वेगळे असते, त्यामुळे ते सरळ काट्यावर ठेवावे.

माप आकारमानानेच घ्यायचे असेल, तर शिया बटर मंद आचेवर गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात पूर्ण वितळवून घेणे बरे. गाठी राहू देऊ नयेत. मग नजर द्रवाच्या पातळीला आणून मोजावे आणि 0.90 ने गुणावे. तापमान दहा अंश वरखाली झाले तरी आकारमानात टक्काभरही फरक पडत नाही. गोठल्यावर शिया बटर आकसते आणि डबीच्या मध्यभागी खळगा पडतो. तो पाहून वजन घटले असे समजू नये.

वितळवायचे नसेल तर विस्थापनाची पद्धत आहे. मोजपात्रात 150 मिलिलिटर थंड पाणी घ्यावे. तुकडा तरंगतो, म्हणून बारीक काडीने तो जेमतेम पाण्याखाली दाबून धरावा. पातळी 205 वर गेली तर आकारमान 55 मिलिलिटर, म्हणजे वजन सुमारे 50 ग्रॅम. त्यानंतर तुकडा नीट पुसावा, कारण बिनपाण्याच्या मलमात ओल राहिली तर बुरशीला वाव मिळतो.

मलमात पाचसात टक्क्यांची चूक खपते, साबणात नाही. समजा, 200 मिलिलिटर शिया बटर 200 ग्रॅमच आहे असे धरून कॉस्टिक सोडा (चरबीचा साबण करणारा दाहक पदार्थ) किती लागेल ते काढले. एका ग्रॅम शिया बटरला सुमारे 0.128 ग्रॅम सोडा लागतो. पाच टक्के चरबी मोकळी ठेवायची म्हणून तो 24.3 ग्रॅम घेतला. प्रत्यक्षात चरबी 182 ग्रॅमच आहे आणि तिला सगळा मिळून 23.3 ग्रॅम सोडा पुरतो. उरलेला एक ग्रॅम साबणात मोकळा राहतो आणि कातडीला झोंबतो. साबणासाठी म्हणूनच काटा हवाच. घटक दहा ग्रॅमपेक्षा कमी असेल तर काटा 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा असावा. एक ग्रॅमच्या टप्प्याचा काटा साडेचार ग्रॅमला चार किंवा पाच म्हणतो.

उलट हिशेब डब्या निवडताना लागतो. ग्रॅमला 0.91 ने भागले की मिलिलिटर मिळतात, म्हणजे 100 ग्रॅम शिया बटरला 110 मिलिलिटर जागा लागते. वितळलेले ओतायचे असल्यास झाकणाखाली थोडी मोकळी जागा जास्त धरावी.