कोइंब्राचे दोन सांता क्लारा: खालचा आणि वरचा

पोर्तुगालमधल्या कोइंब्रात मोंदेगू नदीवरचा पूल ओलांडला की पलीकडे दोन मठ आहेत. नाव दोघांचंही सांता क्लारा, दोन्ही नन्सचे, आणि दोघांचा संबंध एकाच राणीशी. पोर्तुगालची ही राणी इसाबेल १३३६ मध्ये वारली, १६२५ मध्ये तिला संतपद मिळालं. तिची कबर बघायला निघालेला माणूस खालच्या पडक्या मठाचं तिकीट काढून बसतो. कबर तिथे नाही, ती वर टेकडीवर.

खालचा तो जुना, ‘सांता क्लारा अ व्हेल्या’. १३१४ मध्ये इसाबेलनं तो नव्यानं वसवायला घेतला. १३३० मध्ये चर्चचं पवित्रीकरण झालं आणि पुढच्याच वर्षी मोंदेगू आत शिरली. जागाच सखल, नदीला लागून. पण नन्स हटल्या नाहीत. फरशी उंच करत गेल्या, आणि तेही पुरेना तेव्हा चर्चच्या पोटात मध्येच आडवा मजला घालून वरच्या अर्ध्यात प्रार्थना चालू ठेवल्या. खालचा अर्धा भाग पाण्याला आणि गाळाला. चिकाटी म्हणा की हट्ट, जवळपास साडेतीनशे वर्षं त्यांनी नदीशी असा संसार केला. १६७७ मध्ये मात्र मठ सोडला.

उजनीचं पाणी उतरल्यावर पळसदेवचं देऊळ दिसतं, तसं हे चर्च कित्येक पिढ्यांनी अर्धंच पाहिलं. १९९५ पासून खोदकाम झालं, २००९ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. आता तळाच्या मूळ फरशीवर उभं राहून मान वर केली की त्या मधल्या मजल्याच्या खुणा दिसतात. माझ्या मते तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतात. राजपुत्र पेद्रूची प्रेयसी इनेस द कास्त्रू हिचा खून झाला तेव्हा तिलाही आधी इथेच पुरलं होतं. पुढे राजा झाल्यावर पेद्रूनं तिला आल्कोबासाच्या मठात नेलं.

वरचा ‘अ नोव्हा’. नावाला नवा, बांधकाम १६४९ मध्ये सुरू झालेलं. बाहेरून लांबलचक, रुक्ष, एखाद्या बराकीसारखा. चढ चढून दमल्यावर हे समोर आलं की हिरमोड होतो. पण आत वेदीमागे राणीची चांदी-स्फटिकाची शवपेटी आहे, १६१४ ची, म्हणजे ती ठेवलेल्या इमारतीहून जुनी. त्याहून जुनी, आणि मला तरी जास्त आवडलेली, तिची पहिली दगडी कबर. राणीनं ती जिवंतपणीच घडवून घेतली: अंगावर नन्सचा झगा, सोबत यात्रेकरूची काठी. ही कबरही खालच्या मठातून वर आणलेली, त्यामुळे आधी खालचा मठ बघून मगच टेकडी चढावी.

सम वर्षांत जुलैमध्ये राणीचा उत्सव असतो. तिची मूर्ती मिरवणुकीनं पूल ओलांडून गावात जाते आणि काही दिवसांनी परत येते. तेवढे दिवस वर मूर्ती दिसणार नाही; शवपेटी मात्र जागच्या जागी असते.