विद्यमान राष्ट्राध्यक्षाची फेरनिवड आणि मतदानाचे प्रमाण (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अधिकारावर असलेला राष्ट्राध्यक्ष पुन्हा निवडून येतो की नाही, याचा मतदानाच्या वाढत्या-घटत्या प्रमाणाशी कितपत संबंध आहे, हा निवडणूक-अभ्यासातील जुना वादविषय आहे. राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची असून १९५१ मध्ये संमत झालेल्या बाविसाव्या घटनादुरुस्तीनुसार कोणालाही दोनपेक्षा अधिक वेळा निवडून येता येत नाही. पक्षाची उमेदवारी मिळवूनही सार्वत्रिक निवडणुकीत पराभूत झालेले विद्यमान राष्ट्राध्यक्ष अकरा आहेत : जॉन ॲडम्स (१८००), जॉन क्विन्सी ॲडम्स (१८२८), मार्टिन व्हॅन ब्यूरन (१८४०), ग्रोव्हर क्लीव्हलंड (१८८८), बेंजामिन हॅरिसन (१८९२), विल्यम टाफ्ट (१९१२), हर्बर्ट हूव्हर (१९३२), जेरल्ड फोर्ड (१९७६), जिमी कार्टर (१९८०), जॉर्ज बुश थोरले (१९९२) आणि डॉनल्ड ट्रंप (२०२०). फोर्ड हे मुळात राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेले नसल्याने त्यांना वगळल्यास हा आकडा दहा होतो. राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड मेह्यू यांनी २००८ मध्ये केलेल्या मांडणीनुसार, विद्यमान राष्ट्राध्यक्ष उमेदवार असताना त्याच्या पक्षाने सु. दोन-तृतीयांश वेळा सत्ता राखली, तर तसे नसताना जवळपास निम्म्याच वेळा. मात्र पदावर असण्याचा हा लाभ दिसतो तेवढा मोठा नसावा. कारण हॅरी ट्रूमन (१९५२) व लिंडन जॉन्सन (१९६८) यांच्याप्रमाणे वारे विरुद्ध असताना काही जण रिंगणाबाहेर राहिले आणि त्यांची गणना पराभूतांत होत नाही.

मोजमापाचा प्रश्न : मतदानाची टक्केवारी काढताना भाजक कोणता धरायचा, यावर पुढील बरेचसे निष्कर्ष अवलंबून आहेत. मतदानाच्या वयाची एकूण लोकसंख्या हा पारंपरिक भाजक होय. त्यात नागरिक नसलेले रहिवासी आणि गुन्ह्यातील शिक्षेमुळे मताधिकार गमावलेले लोकही मोजले जातात. मायकेल मॅक्डॉनल्ड व सॅम्युएल पॉपकिन यांनी २००१ मध्ये या दोन गटांना वजा करून ‘मतदानास पात्र लोकसंख्या’ हा भाजक वापरला आणि १९७२ नंतर मतदान सतत घसरत गेल्याचा समज मुख्यतः भाजक फुगल्यामुळे निर्माण झाल्याचे दाखविले. १९९६ चे मतदान पहिल्या रीतीने सु. ४९ टक्के, तर दुसऱ्या रीतीने सु. ५२ टक्के भरते. दुसरी रीत आता बहुतेक अभ्यासकांनी स्वीकारली आहे आणि प्रस्तुत नोंदीतील अलीकडचे आकडे त्याच रीतीचे आहेत. असे असले तरी सव्विसाव्या घटनादुरुस्तीने (१९७१) अठरा वर्षांच्या तरुणांना मताधिकार मिळाल्यावर १९७२ मध्ये टक्केवारी खाली आली, ती केवळ गणिती करामत नव्हे. नव्याने यादीत आलेला वर्ग प्रत्यक्ष मतदानाला कमीच आला. त्या वर्षी रिचर्ड निक्सन यांनी पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकून फेरनिवड मिळविली.

एकोणिसाव्या शतकातील आकड्यांविषयी मतभेद अधिक आहेत. १८२८ पूर्वी अनेक राज्यांत निर्वाचकांची (राष्ट्राध्यक्षाची औपचारिक निवड करणाऱ्या राज्यनिहाय प्रतिनिधींची) निवड विधिमंडळे करीत असल्यामुळे टक्केवारीची तुलना फारशी अर्थपूर्ण ठरत नाही. १८४० मध्ये सु. ८० टक्के आणि १८७६ मध्ये सु. ८२ टक्के मतदान झाले असे सामान्यतः मानतात. १९२० पर्यंत ते सु. ४९ टक्क्यांवर आले. वॉल्टर डीन बर्नहॅम यांच्या मते, १८९६ नंतर अनेक प्रदेश एकपक्षीय झाल्याने मतदारांचा रस आटला. फिलिप कॉन्व्हर्स व जेरल्ड रस्क यांनी गुप्त मतपत्रिका, मतदार-नोंदणी यांसारख्या सुधारणांकडे बोट दाखविले : पूर्वी पक्षच रंगीत मतपत्रिका छापून वाटीत, त्यामुळे जुन्या आकड्यांत बनावट मतांची भर असण्याचा संभव आहे. दक्षिणेकडील राज्यांत मतदान-कर व साक्षरता-चाचणी यांद्वारे कृष्णवर्णीयांना मतदानापासून रोखण्यात आले, त्यामुळे तेथील घसरणीचे कारण कायद्यांतच शोधावे लागते. उत्तरेत बर्नहॅम आणि कॉन्व्हर्स व रस्क यांनी सांगितलेली दोन्ही कारणे एकत्र असावीत. १९२० मध्ये स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाल्याने भाजक एकदम वाढला, हेही ध्यानी घ्यावे लागते.

उपपत्ती : अँगस कॅम्पबेल यांनी १९६० मध्ये नेमाने मतदान करणारे आणि निवडणूक तापली तरच बाहेर पडणारे, असे दोन गट कल्पिले. दुसऱ्या गटाची पक्षनिष्ठा सैल असते. जेम्स डीनार्डो यांनी १९८० मध्ये यावरून असे प्रतिपादन केले, की मतदान वाढले म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचाच लाभ होतो, हा समज सरसकट खरा नाही. ज्या ठिकाणी जो पक्ष वरचढ, तेथे जास्तीचे मतदान त्यालाच बाधू शकते. टॉमस हॅन्सफर्ड व ब्रॅड गोमेझ (२०१०) यांनी निवडणुकीच्या दिवशीच्या पावसाचा आधार घेऊन मतदानातील चढउताराचा परिणाम इतर कारणांपासून वेगळा काढण्याचा प्रयत्न केला. वाढीव मतदान सत्ताधारी पक्षाच्या विरोधात झुकते, असा त्यांच्या निष्कर्षांपैकी एक आहे. युक्ती चतुर आहे. परंतु पावसाने घरी बसणारा मतदार आणि मोहिमेने घराबाहेर काढलेला मतदार हे एकच असतील असे नाही.

उदाहरणे : वाढीव मतदान सत्ताधारी पक्षाच्या विरोधात झुकते, या निष्कर्षाला प्रत्यक्ष इतिहास अंशतःच दुजोरा देतो. व्हॅन ब्यूरन यांना १८३६ मध्ये सु. ७ लाख ६४ हजार मते मिळाली होती. १८३७ च्या आर्थिक अरिष्टानंतरही १८४० मध्ये ती सु. ११ लाख २९ हजारांपर्यंत वाढली, पण विरोधकांची त्याहून अधिक वाढली. १८० वर्षांनी हेच घडले. ट्रंप यांची मते २०१६ मधील सु. ६ कोटी ३० लाखांवरून २०२० मध्ये सु. ७ कोटी ४२ लाखांवर गेली. जोसेफ बायडेन यांना ८ कोटी १२ लाखांहून अधिक मिळाली. कोव्हिड साथीमुळे टपाली व मुदतपूर्व मतदानाच्या सोयी विस्तारल्या होत्या, आणि सु. ६६ टक्के हे मतदान १९०० नंतरचे सर्वोच्च ठरले. तरीही निर्वाचक मंडळातील निर्णय ॲरिझोना, जॉर्जिया व विस्कॉन्सिन या तीन राज्यांतील मिळून सु. ४३ हजार मतांच्या फरकावर ठरला.

उलट २००४ मध्ये मतदान सु. ६० टक्क्यांवर गेले आणि धाकट्या बुश यांनी चार वर्षांत सु. १ कोटी १५ लाख मते वाढवून पद राखले. त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन केरी यांची मतेही २००० मधील प्रतिस्पर्धी अल गोर यांच्यापेक्षा सु. ८० लाखांनी अधिक होती, पण ओहायो सु. १ लाख १८ हजारांनी बुश यांच्याकडे राहिले. बराक ओबामा यांची मते २००८ मधील सु. ६ कोटी ९५ लाखांवरून २०१२ मध्ये सु. ६ कोटी ५९ लाखांवर उतरली, मतदानही घटले, आणि तरी ५३८ पैकी ३३२ निर्वाचक-मते मिळवून ते निवडून आले. बिल क्लिंटन १९९६ मध्ये अत्यल्प मतदानात विजयी झाले. टाफ्ट मात्र १९१२ मध्ये घटत्या मतदानात तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले, ज्याचे कारण मतदानापेक्षा रिपब्लिकन पक्षातील फूट हे होय. क्लीव्हलंड यांना १८८८ मध्ये देशभर प्रतिस्पर्ध्यापेक्षा अधिक मते पडूनही न्यूयॉर्क गमावल्याने पद सोडावे लागले. मेन व नेब्रास्का वगळता राज्यातील सर्व निर्वाचक-मते तेथे आघाडी घेणाऱ्यालाच मिळत असल्यामुळे देशपातळीवरील टक्केवारीपेक्षा काठावरच्या राज्यांत कोण नव्याने मतदानाला आले, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. २०२४ मध्ये बायडेन यांनी जुलैत माघार घेतल्याने त्या वर्षीचे सु. ६४ टक्के मतदान या प्रश्नाच्या कक्षेत पुरतेपणी येत नाही.

निवडणुकीचे भाकीत करणाऱ्या प्रचलित सूत्रांत मतदानाच्या प्रमाणाला जवळजवळ स्थान नाही. ॲलन अब्रामोविट्झ यांचे सूत्र राष्ट्राध्यक्षाची लोकप्रियता, दुसऱ्या तिमाहीतील आर्थिक वाढ व पदावरील कालावधी यांवर, तर रे फेअर यांचे मुख्यतः आर्थिक वाढ व महागाई यांवर उभे आहे. मतदानाचे प्रमाण मतमोजणीपूर्वी हाती येत नाही, हे त्याचे व्यावहारिक कारण होय. मतदानपूर्व पाहण्यांत ‘संभाव्य मतदार’ ठरविण्याच्या कसोट्या संस्थागणिक वेगळ्या असतात, ते यामुळेच.