कोल्हापूर ते बेळगाव विमानतळ: ९६ किमी की ११५?

ठाण्यात नाहीतर नव्या मुंबईत राहणाऱ्या गडहिंग्लज-चंदगडकडच्या माणसाला गणपतीच्या आधी हा प्रश्न पडतोच, कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरायचं की बेळगावच्या सांबऱ्याला. मग मोबाईलवर मॅप उघडतो, एकजण म्हणतो दोन्ही विमानतळांत ९६ किमी, दुसरा म्हणतो ११५, आणि दोघंही बरोबर असतात.

९६ म्हणजे सरळ रेषा, वैमानिकाच्या भाषेत ५२ नॉटिकल मैल. ११०-११५ म्हणजे हायवेने कागल, निपाणी, संकेश्वर, हत्तरगी करत, वर सांबरा बेळगावच्या पूर्वेला १० एक किमी बाहेर. तरी फरक थोडाच, कारण मध्ये सह्याद्रीचा मोठा घाट नाही. तेच कोल्हापूर ते सिंधुदुर्गचं चिपी विमानतळ धरा, सरळ ११० आणि रस्त्याने दीडशेच्या घरात, सगळी सह्याद्रीची कृपा.

दोन्ही धावपट्ट्या तशा जुन्या. कोल्हापूरची संस्थानच्या काळातली, १९३९ च्या सुमाराची, सांबऱ्याची दुसऱ्या महायुद्धातली. तेव्हा या दोघांमधलं अंतर कोण मोजणार होतं?

अंतराचा घोळ सुरू झाला तो अलीकडच्या नियमांमुळे. नव्या विमानतळांसाठीच्या केंद्राच्या २००८ च्या धोरणात १५० किमीचा आकडा आला, जुन्या विमानतळापासून हवाई अंतराने १५० किमीच्या आत नवीन विमानतळ काढायचा तर जुन्याचं काय होईल ते आधी तपासायचं. हा नियम फक्त नव्या विमानतळांना, आणि ती सरसकट बंदी पण नाही, तरी लोक तो कोल्हापूर-बेळगावला बिनधास्त लावतात आणि 'दोन्ही चालणारच नाहीत' म्हणून मोकळे होतात. अहो, ही दोन्ही विमानतळं त्या धोरणाच्या कितीतरी आधीची! आणि आपल्या उलव्याच्या नवी मुंबई विमानतळाचं काय, सांताक्रूझच्या जुन्या मुंबई विमानतळापासून सरळ २५ किमी पण नाही, तरी उभा राहिलाच ना.

दुसरा आकडा उडान योजनेचा, म्हणजे छोट्या शहरांना विमानाने जोडायच्या केंद्राच्या योजनेचा. २०१६ ला जाहीर करताना मार्ग २०० ते ८०० किमीचा हवा असं सांगितलेलं, डोंगरी आणि दुर्गम भागाला खालची अट नाही. हे अंतर एका उड्डाणाचं, दोन शेजारी विमानतळांमधलं नाही. मुंबई-कोल्हापूर सरळ साधारण ३०७ किमी, मुंबई-बेळगाव ४००, दोन्ही त्या अटीत आरामात बसायचे. कोल्हापूर-बेळगाव बसत नव्हतं, पण ९६ किमीला विमान मागतंय कोण, वर चढेपर्यंत उतरायची वेळ. तरी हे दोन नियम एकात एक मिसळून वाद घातले जातात, आणि माझ्या मते त्यात कोल्हापूरचंच जास्त नुकसान झालं, कारण 'बेळगाव आहे की जवळ' हे ऐकवायला सोपं.

पुढचं भराभर झालं. २०१७ ला सांबऱ्याला नवीन टर्मिनल, २०१८ ला कोल्हापूरहून उडानची विमानं, २०१९ च्या उडान फेरीत बेळगावला एकदम बरेच मार्ग, मार्च २०२४ ला कोल्हापूरचं नवीन टर्मिनल. डिसेंबर २०२५ पासून उलव्याहून पण विमानं उडतायत, म्हणजे नव्या मुंबईकरांची सांताक्रूझपर्यंतची वारी वाचायला लागली.

चंदगडवाल्यांना मात्र किलोमीटरचं कौतुक कमीच. त्यांना बेळगाव जवळ पडतं हे मॅप नसतानाही माहीत होतं, फक्त सांबऱ्याहून घरी येताना टॅक्सी राज्य बदलते, तेव्हा परमिटचे पैसे कोण भरणार हे बसायच्या आधी विचारून घ्यायचं.