जुने टायर : पुनर्वापर व विल्हेवाट (नागपूर)

नक्षी झिजून ‘गोटा’ झालेला, फुटलेला किंवा कडेला चिरलेला टायर जुना समजला जातो. नियमाने नक्षीची खोली दुचाकी-तीनचाकीला किमान ०.८ मिमी. आणि इतर वाहनांना १.६ मिमी. लागते. नागपुरात राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ एकमेकांना छेदतात, त्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर. टायर लवकर उतरतात यात नवल नाही. बुटीबोरीत सिएटचा कारखाना असल्याने काही टायर जन्मतातही इथेच.

टायर वितळवून पुन्हा टायर करता येत नाही. गंधकासोबत तापवलेल्या रबराचे रेणू एकमेकांत कायमचे गुंततात. आत पोलादी तारा आणि काजळी असते ती वेगळीच. म्हणून टायर टायरच राहील तो उपयोग सर्वांत शहाणपणाचा. ट्रकच्या टायरचा सांगाडा धड असला की त्यावर नवा पट्टा चढवतात. बोलीत याला सरसकट ‘रिमोल्ड’ म्हणतात. पंक्चरवाला जुन्या टायरचा तुकडा कापतो, कडा तासून पातळ करतो आणि चिरलेल्या टायरच्या आत बसवतो. हा ‘गेटर’. इलाज तात्पुरता, पण लोक त्यावर वर्ष काढतात.

याखेरीज चपला, घमेली. रबराचा भुगा डांबरात मिसळून रस्ते. हवेविना तापवून तेल आणि काजळी काढणारे कारखानेही आहेत, मात्र ते ढिसाळपणे चालवले तर टायर नुसता जाळल्यासारखेच. आंदोलनात पेटवलेल्या टायरच्या धुरात सल्फर डायॉक्साइड आणि कर्करोगकारक द्रव्ये असतात. जुलै २०२२च्या केंद्रीय नियमांनी टायरच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादक आणि आयातदारांवर टाकली.

घरचा प्रश्न मात्र पावसाळ्यात उभा राहतो. टिना उडू नयेत म्हणून छपरावर ठेवलेला टायर कसाही पालथा-उताणा करा, त्याच्या पोटात पाणी राहतेच. डेंग्यूचा एडीस डास पाण्याच्या रेषेवर, आतल्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात आणि पुढच्या सरीत फुटतात. त्यामुळे पाणी ओतून भागत नाही, आतून घासावे लागते. कूलरच्या टाकीलाही हेच लागू. वजन हवेच असेल तर टायर नक्षीच्या मधोमध गोल चिरून त्याची दोन कडी करावीत आणि पोकळ बाजू खाली ठेवावी.